ताप येणार, हे आधी सांगा की

आमच्या दहावीच्या बॅचचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. एरवी त्यात गुड मॉर्निंग, सोयाबीनचा भाव आणि कुणाच्यातरी वाढदिवसाचा केक एवढंच असतं. पण २०२५ ला तिकडं अमेरिकेत तो लशींवर संशय घेणारा रॉबर्ट केनेडी ज्युनिअर आरोग्यमंत्री झाला आणि इकडं आमच्यातले दोघं-तिघं एकदम लहान लेकरांच्या लशींवर बोलायला लागले. एक पुण्यात आयटीत, एक संभाजीनगरला बिल्डर, एक इथंच बीड जिल्ह्यात केजमधे प्लॉटिंग करतो. तिघांच्याही लेकरांचं लसीकरण कधीच पूर्ण झालंय, तेही प्रायव्हेटमधे, भारीतलं. आता पोरं कॉलेजला गेल्यावर यांना साक्षात्कार झालाय की लशीनं ऑटिझम (स्वमग्नता) होतो.

मी या भानगडीत पडणार नव्हतो, पण माझं मेडिकल आहे. सकाळी लेकराला सुई दिली की संध्याकाळी आई कुठं येते? डॉक्टरकडं नाही, उपकेंद्रावर तर नाहीच, माझ्या काउंटरवर येते. तिथं लशींबद्दल जे कानावर पडतं त्याचा आणि ग्रुपवर जे चालतं त्याचा एकमेकाशी काडीचा संबंध नसतो, म्हणून हे लिहायला बसलो.

आधी ग्रुपवरचं निपटवतो, कारण ते सोपंय. १९९८ ला अँड्र्यू वेकफिल्ड नावाच्या ब्रिटिश डॉक्टरनं लॅन्सेट नावाच्या मेडिकल जर्नलमधे एक पेपर छापला, फक्त १२ लेकरांवरचा, आणि गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लशीकडं बोट दाखवलं. पुढं ब्रायन डीअर नावाचा पत्रकार हात धुऊन मागं लागला, तेव्हा निघालं की लस कंपन्यांवर केस करू बघणाऱ्या वकिलाकडून या डॉक्टरनं पैसे घेतलेले आणि लेकरांच्या नोंदीतही फिरवाफिरवी केलेली. २०१० ला लॅन्सेटनं पेपर मागं घेतला आणि त्याच वर्षी त्याचं डॉक्टरकीचं लायसनपण गेलं. २०१९ ला डेन्मार्कमधल्या साडेसहा लाखाच्या वर लेकरांच्या नोंदी तपासल्या, ही लस घेतलेल्यांत आणि न घेतलेल्यांत ऑटिझमच्या बाबतीत फरक निघाला नाही. मग आयांना असं का वाटतं? तर लेकरू बोलत नाही, हाक मारली तरी बघत नाही हे बहुतेक वेळा वर्ष-दीड वर्षाच्या आसपास ध्यानात येतं, आणि त्याच वयात ही सुई असते. कावळा बसायला आणि फांदी मोडायला. ज्या आईचं लेकरू तसं आहे तिचा मला राग येत नाही, तिला कारण पाहिजे असतं. ज्याचं लेकरू धडधाकट कॉलेजला चाललंय आणि जो बसल्याबसल्या फॉरवर्ड करतोय त्याचा येतो.

मग पारा. "लशीत पारा असतो" हा मेसेज सगळ्यात जास्त फिरतो. हो, असतो. आपल्याकडं पेंटाव्हॅलंटची (पाच आजारांवरची मिळून एक लस) जी दहा डोसची बाटली येते तिच्यात थायोमर्सल असतं, एकाच बाटलीत वारंवार सुई जाते तर आत जंतू वाढू नयेत म्हणून टाकलेलं, आणि त्यातून जो पारा अंगात जातो तो इथाइल प्रकारचा, लवकर बाहेर पडतो. मासळीतून जाणारा मिथाइल पारा वेगळा, तो अंगात जास्त दिवस मुक्काम करतो. अमेरिकेनं २००१ पर्यंत लहान लेकरांच्या जवळपास सगळ्या लशींतून थायोमर्सल काढून टाकलं तरी तिथली ऑटिझमची संख्या कमी झाली नाही. आणि ज्या गोवरच्या लशीवरून एवढी बोंब आहे तिच्यात हे कधी नव्हतंच. हे सगळं मी ग्रुपवर टाकलं तर बिल्डरनं अंगठा दाखवला आणि दुसऱ्या दिवशी तोच मेसेज पुन्हा पाठवला. असो.

त्याच २०२५ ला टेक्सासमधे गोवर पसरला, साडेसातशेच्या वर लोकांना झाला, दोन लेकरं गेली, दोघांनाही लस दिलेली नव्हती. अमेरिकेनं २००० साली गोवर संपल्याचं जाहीर केलं होतं बरं का. एवढ्या पैशाच्या देशात ही गत.

आता काउंटरवरचं.

परवा बाजाराच्या दिवशी एक पोरगी आली, बावीस-तेवीसची असंल, कडेला दीड महिन्याचं बाळ, बरोबर सासू. बाळ किरकिर करायलेलं, डाव्या मांडीवर लालसर गाठ. सासू चिठ्ठी न बिठ्ठी, सरळ म्हणाली, "दादा, चांगलं हसतंखेळतं लेकरू नेलं आन् आजारी करून आणलं बगा. म्या आधीच म्हणत होते नगं म्हणून." पोरगी खाली बघून गप. मी विचारलं सुई दिल्यावर सिस्टर काय म्हणल्या, तर म्हणे "काही नाही, पुढच्या महिन्यात या म्हणल्या."

सगळं पाणी इथंच मुरतंय. सासूचं काय चुकलं? तिच्या डोळ्यासमोर बरं लेकरू आत गेलं आणि रात्रभर फणफणून निघालं. डांग्या खोकला तिनं पाहिला असंल तर लहानपणी, घटसर्प तोही नाही. तिच्या हिशेबात लशीनं वाचवलेलं काहीच दिसत नाही आणि लशीनं दिलेला ताप हाताला लागतोय. तिला ऑटिझम माहीत नाही, केनेडी माहीत नाही. तिचा सवाल एवढाच आहे की मला कुणी आधी सांगितलं का नाही.

आणि सांगायचं असतं, नियमच आहे तसा. सुई दिल्यावर सिस्टरनं आईला चार गोष्टी सांगायच्या: आज कोणती लस दिली आणि ती कशावर आहे, काय त्रास होऊ शकतो आणि झाला तर काय करायचं, पुढं कधी यायचं, आणि कार्ड जपून ठेवा. शिवाय अर्धा तास तिथंच बसवून ठेवायचं. कागदावर झकास आहे. पण अंगणवाडीच्या एका खोलीत तीस-चाळीस बाया, निम्मी लेकरं रडायलेली, सिस्टर एकटी, टोचणार तीच, रजिस्टर भरणार तीच, मोबाईलवर यू-विनला, म्हणजे लसीकरणाच्या सरकारी अ‍ॅपला, नोंद करणार तीच, आणि नेटवर्क गेलेलं. आशाताई बिचारी लेकरं गोळा करून आणते, तिलाच वरून बोलणी बसतात. मग चारातली एकच गोष्ट उरते, "पुढच्या महिन्यात या".

त्या पोरीला मी जे सांगितलं ते इथं लिहितो कारण कुणाच्या तरी कामी येईल. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्याला जी पाच आजारांची मिळून एक सुई असते, पेंटाव्हॅलंट, तिच्यात डांग्या खोकल्याचा अख्खा मेलेला जंतू असतो. अंग त्याला ओळखतं आणि लढायला लागतं, तोच ताप. बहुतेक त्याच रात्री येतो, एक-दोन दिवसांत उतरतो. मांडीची गाठ कडक लागते, ती चोळायची नाही, हळद-चुना थापायचा नाही, गार पाण्याची घडी ठेवायची, दूध चालू ठेवायचं. ताप दोन दिवसांच्या वर गेला, लेकरू दूध ओढंना, झटका आला, किंवा तीन-चार तास एकसारखं किंचाळत राहिलं तर मात्र माझ्याकडं यायचं नाही, सरळ दवाखाना. आणि बीसीजीचं, म्हणजे टीबीवरच्या लशीचं, उलटं आहे, जन्मल्यावर डाव्या दंडावर देतात ती, तिथं महिना-दीड महिन्यानं फोड येतो, पू होतो, व्रण पडतो, ते तसंच व्हायला पाहिजे, त्याला लिंबू पिळायचं नाही.

तापाच्या औषधाबद्दल मात्र मी प्रत्येकाचं डोकं खातो. पॅरासिटामॉलचे ड्रॉप्स वेगळे आणि सिरप वेगळं. ड्रॉप्सच्या एका मिलीत १०० मिलिग्रॅम औषध असतं आणि साध्या सिरपच्या पाच मिलीत १२५. म्हणजे ड्रॉप्स चौपट कडक. घरी सिरप समजून ड्रॉप्स चमच्यानं पाजणारे लोक मी बघितलेत, आणि हे लशीपेक्षा कितीतरी पटीनं धोक्याचं आहे. डोस वजनावर असतो, दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, वयावर नाही, आणि शेजारणीच्या लेकराला किती दिलं यावर तर अजिबातच नाही.

"मग बिनतापाची मिळती का तुमच्याकडं?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. मिळते. प्रायव्हेटमधे एका सुईचे तीन-चार हजार घेतात. तिच्यात डांग्या खोकल्याच्या जंतूचे फक्त निवडक तुकडे असतात म्हणून ताप कमी. लोकांना वाटतं महाग म्हणजे जास्त चांगली. इथं गंमत अशी की ताप कमी आणि टिकायलाही कमी, तिचा असर लवकर उतरतो. कॅलिफोर्नियात २०१० ला डांग्या खोकल्याची मोठी साथ आली, १० तान्ही बाळं गेली, तिथं वर्षानुवर्षं हीच तुकड्यांची लस चालू होती. आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांची संघटनासुद्धा आधी पहिल्या तीन डोसांना अख्ख्या जंतूवालीच, म्हणजे अंगणवाडीत फुकट मिळते तीच, द्या म्हणायची; २०१८-१९ पासून दोन्हीतली कुठलीही चालंल म्हणते. ज्याला परवडतं त्यानं महागडी खुशाल घ्यावी, काहीच न घेण्यापेक्षा ती हजारपट बरी, पण ऊसतोडीच्या उचलीतून, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशातून, चार हजार काढून "बिनतापाची" मागणाऱ्या बापाला मी विकत नाही, धंदा गेला तरी चालंल.

२०२५ च्या ऑक्टोबरमधे एक वेगळाच माणूस भांडायला आला. मध्य प्रदेशात छिंदवाड्याला खोकल्याच्या सिरपमधे विषारी डायइथिलीन ग्लायकॉल निघालं, वीसच्या वर लेकरांच्या किडन्या निकामी होऊन ती गेली, बरीचशी नागपूरला आणली होती उपचाराला. त्याचा मुद्दा सरळ होता, "सिरपात विष निघतंय तर लशीत काय असंल हे तुम्हाला तरी कुठं ठाव?" प्रश्न बिनतोड आहे. असल्या माणसाला अडाणी म्हणणारे डॉक्टर मी पाहिलेत, मला तो ग्रुपवरच्या तिघांपेक्षा हुशार वाटला. त्याला सांगितलं की सिरपची बॅच कंपनी स्वतःच तपासते आणि ड्रग इन्स्पेक्टर अधूनमधून नमुने उचलतो, सगळ्या बॅचेस सरकारकडं जात नाहीत. लशीचं तसं नाही, तिची एकेक बॅच हिमाचलात कसौलीला सरकारी लॅब आहे तिथून पास व्हावी लागते, मगच बाहेर पडते. तो म्हणाला, "मग सिरपाचं बी तसंच का नाय करीत?" यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं आणि अजून नाही.

चुका होतात, झाकून उपयोग नाही. २०२१ ला यवतमाळ जिल्ह्यात घाटंजी तालुक्यात १२ लेकरांना पोलिओच्या डोसऐवजी सॅनिटायझरचे थेंब पाजले होते, पेपरला आलं होतं. लेकरं वाचली. त्यात लशीचा दोष काहीच नव्हता, पण पुढच्या पोलिओ रविवारी इथं केजमधे आया बाटली हातात घेऊन बघायच्या. बघू द्या ना! बाटलीवर गोलात एक चौकोन असतो, चौकोन गोलापेक्षा फिकट असला तर लस चांगली, गोलाइतका किंवा त्याहून गडद झाला तर उष्णता लागलेली, टाकून द्यायची. हे आईला दाखवायला कितीसा वेळ लागतो. उलट आमच्याकडं बाई बाटली बघायला लागली की "तुला काय कळतंय" असं ऐकवतात.

आणखी एक तक्रार जी कुठल्याच टीव्हीवर येत नाही. गोवर-रुबेलाची आणि बीसीजीची बाटली एकदा पाणी घालून तयार केली की चार तासांच्या आत संपवावी लागते, उरलेली फेकायची. मग सेशनला दोनच लेकरं आली की काही ठिकाणी म्हणतात बाटली फोडता येत नाही, पुढच्या खेपेला या. खरं तर एक लेकरू असलं तरी फोडायची असते. पण वाया गेलेल्या डोसाचा जाब सिस्टरला द्यावा लागतो आणि परत गेलेल्या लेकराचा जाब कुणीच विचारत नाही. ती बाई रोजगार बुडवून आलेली असते, रिक्षाचे पैसे देऊन. ती पुन्हा येईलच असं नाही. मग तिचं नाव पडतं "लसीकरणास नकार" या रकान्यात! काय नकार दिला तिनं?

२०१९-२१ च्या एनएफएचएस-५ मधे, म्हणजे सरकारच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्व्हेत, महाराष्ट्रातल्या वर्ष-दोन वर्षांच्या लेकरांत सगळ्या मूळ लशी पूर्ण झालेली साधारण ७३ टक्के निघाली, देशाची सरासरी ७६. आधीच्या सर्व्हेत आपण ५६ वर होतो, म्हणजे सुधारलंय, नाही असं नाही. पण गोवर थांबवायला ९५ लागतात कारण गोवरासारखं चिकट दुखणं दुसरं नाही. आणि आपल्याकडं गोवराला अजून दुखणं मानत नाहीत अर्धे लोक. "येऊन जाऊ द्यावा, अंगातली उष्णता निघती," घरात फोडणी द्यायची नाही, कडुलिंबाचा पाला उशाला, औषध तर नाहीच नाही. पाल्याला माझा विरोध नाही, पण गोवरातून न्यूमोनिया होतो, कान फुटतात, डोळे जातात, त्यासाठी व्हिटॅमिन ए द्यावं लागतं, आणि आधी झालेल्या आजारांची अंगानं धरलेली आठवण पुसून जाते म्हणून ते लेकरू नंतर कितीतरी दिवस कशानंही आजारी पडत राहतं. २०२२ ला मुंबईत गोवंडीला आणि मालेगाव, भिवंडीला गोवर पसरला, लेकरं गेली, फार जुनी गोष्ट नाही.

या गोवंडी-मालेगावच्या नावावरून आमच्या ग्रुपवर लगेच एक ठराविक वाक्य येतं, "त्या लोकांचंच असतं हे." २०१८ च्या नोव्हेंबरात शाळाशाळांत गोवर-रुबेलाची मोहीम झाली तेव्हा पोरींना पुढं मूल होणार नाही असली अफवा मोहल्ल्यात होती, होय. तीच अफवा, तेच व्हॉइस रेकॉर्डिंग मी आमच्या गल्लीतल्या पाटलाच्या फोनवरपण ऐकलंय. उगं एकाच्या डोक्यावर खापर फोडू नका.

सक्ती करावी का, यावर बिल्डरचं आणि माझं एकमत होईल असं वाटलं नव्हतं पण झालं, दोघंही नको म्हणतोय, कारणं वेगळी. कोविडच्या वेळी, २०२१ च्या नोव्हेंबरात, तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात आदेश निघाला होता की एकतरी डोस घेतलेला नसंल तर पेट्रोल नाही, गॅस नाही, रेशन नाही. आकडे वाढले असतील, पण त्या दिवसांत काउंटरवर लोक कसे बोलायचे ते मी ऐकलंय. जी गोष्ट रेशन अडवून गळ्यात मारतात ती चांगली असूच शकत नाही, असा साधा हिशेब, आणि तो राग नंतर लेकरांच्या लशीवर निघाला. २०२२ च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टानं म्हणलंच की कुणाला जबरदस्तीनं लस देता येणार नाही. लेकरांच्या लशीही आपल्याकडं कायद्यानं सक्तीच्या नाहीत, आणि बरंच आहे. तिकडं आंध्रात, आताच्या तेलंगणातल्या खम्ममला, २००९ ला गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरवरच्या लशीच्या अभ्यासात वसतिगृहातल्या आदिवासी पोरींच्या संमतीच्या कागदांवर वॉर्डननं सह्या केल्या होत्या. काही पोरी गेल्या, चौकशीत लशीशी संबंध दिसला नाही, पण संसदेच्या समितीनं त्या सह्यांवरून चांगलंच झाडलं. लस चांगली असली तरी आईबापाला न विचारता पोरीच्या दंडाला हात लावायचा नसतो. एवढी साधी गोष्ट आहे, त्यासाठी लशीच्या विरोधात असायची गरज नाही.

आता आमच्या बीड जिल्ह्याचं खास दुखणं, ऊसतोड. दसरा-दिवाळी झाली की टोळ्या निघतात, पाडव्याच्या आसपास परत. हिशेब लावून बघा. ऑगस्टात जन्मलेलं लेकरू दीड महिन्याची सुई गावात घेतं, अडीच आणि साडेतीन महिन्याच्या वेळी ते सांगली-कोल्हापूरकडं उसाच्या फडात असतं. फेब्रुवारीत कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, जन्मलेलं लेकरू नऊ महिन्यांचं होतं नोव्हेंबरात, म्हणजे गोवरची सुई द्यायची बरोब्बर त्याच वेळी घर पुन्हा हललेलं. परत आल्यावर इथली सिस्टर विचारते तिकडं दिलं का, तर कार्ड कुठंतरी गाडीत भिजलेलं. यू-विनवर नोंद निघायला पाहिजे, पण ज्या नंबरवर केली तो नंबर नवऱ्यानं बदललेला. मग बाई लाजून "दिलंय सगळं" म्हणते किंवा येतच नाही, कारण तिला वाटतं आता मुदत गेली, पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागंल. तसं काही नसतं! राहिलं असंल तिथून पुढं चालू करायचं, गोवर-रुबेलाची तर पाच वर्षांपर्यंत देतात.

हंगामाच्या आधी आमच्या भागातले मुकादम माझ्याकडून टोळीसाठी औषधांची पिशवी नेतात. अंगदुखीच्या गोळ्या, जुलाबाच्या, ओआरएस, कोयता लागला तर मलम आणि पट्ट्या. ओळखीच्या एका मुकादमाला मी यंदा म्हणलं, कोयत्यांची, म्हणजे ऊस तोडणाऱ्या जोड्यांची, यादी करतोस, उचलीचा हिशेब करतोस, तशी पाच वर्षांखालच्या लेकरांची पण कर, प्रत्येकाच्या कार्डाचा फोटो काढून तुझ्या मोबाईलमधे ठेव, पुढच्या सुईची तारीख त्याच्यावर असते. त्यानं केलं, सगळं गुमान केलं, फोटो मलापण पाठवले. वर म्हणाला, "कारखान्याकडून नर्स येती हो तळावर टोचायला, नाही असं नाही. पण येती दुपारी बाराला. तवा बाया फडात, कोपीवर म्हातारं माणूस आन् कुत्रं. तुमची कुठं ओळख असंल तर रात्री आठला यायला सांगा, सगळी लेकरं एका जागी घावत्याल."

माझी ओळख केजच्या पुढं जात नाही. म्हणून इथं लिहिलंय, कारखाना भागातल्या आरोग्य खात्यातलं कुणी वाचत असंल तर बघा, रात्री आठ.